नवा ऑनलाइन गेम भारी वाटतोय, पण त्यात वर्ष घालायचं का?

परभणीच्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: "दादा, आम्ही चौघं मित्र. दोघं परभणीत, एक जिंतूरला, एक पुण्यात. नवीन आलेला एक फँटसी एमएमओ (हजारो लोक एकाच जगात खेळतात तसा ऑनलाइन खेळ) सुरू केलाय. फुकट आहे, पीसीवर आणि मोबाइलवर चालतो. सर्व्हर दोन, सिंगापूर आणि युरोप. तीन दिवसांत लेव्हल 22 झालो. ग्राफिक्स लई भारी, लढायला मजा येते. सुरुवातीला खेळणाऱ्यांसाठी एक पॅक आहे, तो पंधरा दिवसच मिळणार म्हणतात. घ्यावा का? सर्व्हर कोणता धरावा? आणि वडील विचारतात हे रमीसारखंच आहे का, त्यांना काय सांगू?"

पॅक आत्ता घेऊ नको. सर्व्हर सिंगापूरचा धर, पण त्याआधी एक संध्याकाळ तपासणीत घाल. वडिलांना काय सांगायचं ते खाली लिहितो. ही झाली तीन छोटी उत्तरं. पण तुझ्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला आहे: तीन दिवसांत जे आवडलं त्यावर विश्वास ठेवायचा का? त्याचं उत्तर मोठं आहे. छत्रपती संभाजीनगरात गेमिंग कॅफे चालवताना आणि गिल्ड, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांची टोळी, सांभाळताना मी हा प्रश्न दरवर्षी ऐकत आलोय, म्हणून नीट लिहितो. खेळाचं नाव तू दिलेलं नाहीस, त्यामुळे जे कुठल्याही नव्या एमएमओला लागू पडतं तेच सांगतो.

अशा खेळाचे पहिले दहा-पंधरा तास बनवणाऱ्यांनी सगळ्यात जास्त घासूनपुसून ठेवलेले असतात. प्रत्येक नवा खेळाडू तिथूनच जातो आणि तिथेच ठरवतो की राहायचं की जायचं. म्हणून धबधबा तिथे, पहिला मोठा राक्षस तिथे, पहिला घोडा तिथे, दर दहा मिनिटांना नवं शस्त्र तिथे. लेव्हलही भराभर चढते. तुला आवडलं यात तुझं काही चुकलेलं नाही, ते आवडावं म्हणूनच रचलेलं आहे. शिवाय पहिल्या पंधरवड्यात सर्व्हर माणसांनी भरलेला असतो. विहीर श्रावणात बघून शेत घेऊ नये, पाणी किती आहे ते मे महिन्यात कळतं. नव्या एमएमओचं लाँच म्हणजे श्रावण.

पहिलं मत दोन्ही बाजूंना फसतं, हेही लक्षात ठेव. न्यू वर्ल्ड हा ॲमेझॉनचा खेळ 28 सप्टेंबर 2021 ला आला, तेव्हा स्टीमवर, म्हणजे पीसीच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर, एकाच वेळी नऊ लाखांहून जास्त लोक खेळत होते. आत शिरायला तासन्‌तास रांग. जंगलात लाकूड तोडण्याचा नुसता आवाज ऐकून लोक खूश झाले होते, आणि तो आवाज खरोखरच सुंदर होता. पण काही आठवड्यांत वस्तू आणि सोनं दुप्पट करून घेण्याच्या चुका सापडल्या, कंपनीला खेळातला व्यापारच काही काळ बंद ठेवावा लागला, आणि वरच्या लेव्हलला करण्यासारखं फार काही नाही हे लोकांच्या ध्यानात आलं. पुढे सुधारणा झाल्या, तरी ऑक्टोबर 2025 मध्ये नवा मजकूर थांबवत असल्याचं कंपनीने जाहीर केलं.

उलट बाजू बघ. फायनल फँटसी 14 सप्टेंबर 2010 मध्ये आला तेव्हा इतका वाईट होता की कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. नाओकी योशिदा यांच्याकडे काम सोपवलं गेलं, नोव्हेंबर 2012 मध्ये जुने सर्व्हर बंद केले, खेळातल्या जगावर चंद्र कोसळताना दाखवून ते जग संपवलं आणि ऑगस्ट 2013 मध्ये नव्याने उभं केलं. आज तो या प्रकारातल्या सगळ्यात टिकाऊ खेळांपैकी एक आहे. आणि गंमत म्हणजे नव्याने उभ्या केलेल्या खेळाचीही सुरुवात संथच आहे. निरोप पोचव, पाणी आण, पुन्हा निरोप पोचव. पहिल्या तीन दिवसांवर निकाल दिला असता तर आमच्या कॅफेतल्या निम्म्या पोरांनी तो सोडला असता.

मग बघायचं काय? मी सगळ्यात आधी इंटरनेटच्या तारेकडे बघतो.

तू लिहिलंस की लढायला मजा येते. ती मजा एकट्याने रानातल्या लांडग्यांशी लढतानाची आहे. मराठवाड्यातून खेळणाऱ्याची खरी परीक्षा पिंगची, म्हणजे तुझी आज्ञा सर्व्हरला जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेची. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे 3,900 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 7,800. नुसत्या अंतरालाच 39 मिलिसेकंद गेले, ते कुणाच्याच बापाला वाचवता येत नाहीत. समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही, मध्ये राउटर लागतात, आणि परभणीहून तुझा डेटा आधी मुंबईला किंवा चेन्नईला पोचतो, मगच समुद्रात उतरतो. त्यामुळे आपल्या भागात चांगल्या फायबरवर सिंगापूरला 60 ते 90 मिलिसेकंद मिळाले तर समाधान मानावं. युरोपला हाच आकडा 130 च्या पुढे सहज जातो. शिवाय युरोपची वाट तांबड्या समुद्रातून जाते. सप्टेंबर 2025 मध्ये जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातून तिकडे जाणारं इंटरनेट मंदावलं होतं. असं झालं की तुझ्या हातात काही उरत नाही, दुरुस्तीचं जहाज येईपर्यंत वाट बघायची.

पण नुसता आकडा बघून घाबरू नको. किती पिंग चालेल हे लढाई कशी बांधली आहे त्यावर ठरतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये बहुतेक जादू आणि वार यांच्यामध्ये साधारण दीड सेकंदाची सक्तीची विश्रांती असते, फायनल फँटसी 14 मध्ये ती अडीच सेकंदांची. अशा खेळात 120 पिंगवरही माणूस चांगला खेळतो, कारण पुढचा वार ठरवायला वेळ असतो. ज्या खेळात शत्रूचा हात वर गेला की लगेच लोळण घेऊन चुकवायचं असतं, तिथे 120 म्हणजे तू पडद्यावर लोळलेला असतोस आणि सर्व्हरच्या हिशेबात अजून उभाच असतोस. तुझा खेळ या दुसऱ्या जातीचा असेल तर सिंगापूरशिवाय पर्याय नाही.

आकड्यापेक्षाही वाईट असतो तो चढउतार. कायम 110 असलं तर हात त्याला सरावतो. 60 वरून 300 वर उडी मारून परत 60 झालं तर कुठलाच हात सरावत नाही. म्हणून चाचणी अशी कर. रात्री आठ ते दहा, म्हणजे गल्लीतले सगळे नेट वापरत असतात त्या वेळेत, पिंग दाखवणारा आकडा सुरू ठेवून तासभर खेळ. वायफायवर एकदा, लॅनची तार लावून एकदा. जिंतूरच्या मित्राला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकदा आणि शक्य असेल तर फायबरवर एकदा करायला सांग. चौघांचे आकडे एका ठिकाणी लिहा. पुण्याच्या मित्राचा आकडा सगळ्यात चांगला येईल, पण गट कसा खेळणार हे सगळ्यात वाईट आकडा असलेल्यावर ठरतं. त्याला टँक, म्हणजे पुढे उभा राहून वार झेलणारा, करू नका. टँकचा एक वार उशिरा पडला की सगळे मरतात. त्याला लांबून बाण मारणारा करा.

खेळताना डेटा फारसा लागत नाही, तासाला शंभर-दीडशे एमबीसुद्धा क्वचित. खरा प्रश्न डाउनलोडचा. आजचे असे खेळ पीसीवर 70-100 जीबी सहज घेतात आणि दर काही आठवड्यांनी मोठा पॅच, म्हणजे सुधारणांचा नवा डाउनलोड, येतो. रोज दोन जीबीचा मोबाइल प्लॅन असलेल्याला ते झेपत नाही. आमच्याकडे कॅफेत हार्ड डिस्क घेऊन येणारी मुलं आहेत, एकाने उतरवायचं आणि तिघांनी कॉपी करायचं. परभणीत कुठल्या कॅफेत विचारून बघ, बहुतेक जण देतात. वीज जाण्याचं म्हणशील तर राउटरला चालेल असा छोटा बॅटरी बॅकअप घे. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालतो पण राउटर बंद पडतो, आणि बॉसशी, म्हणजे मोठ्या राक्षसाशी, लढाईच्या मध्यावर गटातला हीलर (जखमा बऱ्या करणारा) गायब झाला की बाकीच्यांना कारण सांगायलाही नेट नसतं.

उन्हाळ्याचं एक वाक्य: एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो, तेव्हा लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो. आज मिळणाऱ्या फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) गृहीत धरू नको, ग्राफिक्स दोन पायऱ्या खाली ठेवून मग बघ की खेळ अजून आवडतो का. तसंच मुख्य शहराच्या चौकात, जिथे शेकडो खेळाडू उभे असतात, तिथे संध्याकाळी जाऊन फ्रेम बघ. एकट्याच्या रानात सगळेच खेळ छान चालतात.

आता वेळ. याकडे कोणी बघत नाही आणि नंतर सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथल्या गिल्डने किल्ल्याची लढाई रात्री आठला ठेवली तर परभणीत साडेपाच वाजलेले असतात, म्हणजे तुझं प्रॅक्टिकल किंवा शिकवणी. आणि तू जेवण करून साडेदहाला बसलास तर तिकडे रात्रीचा एक. सर्व्हर तुला अर्धा झोपलेला दिसेल. युरोपात उलटं. तिथले रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. शनिवारी ठीक आहे, मंगळवारी सकाळी आठचं लेक्चर असताना नाही. म्हणून गिल्डमध्ये शिरण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच: तुमच्या लढाया भारतीय वेळेनुसार किती वाजता? ज्या गिल्डला याचं उत्तर पटकन देता येत नाही तिथे भारतातले लोक टिकलेले नाहीत असं समज.

आणि आता मुद्द्यावर येतो. माझ्या लेखी ऑनलाइन खेळाचं मोजमाप एकच आहे: त्या खेळाला माणसाची माणसाला गरज लावता येते का? ग्राफिक्स जुने होतात. गोष्ट संपते. लढाईची मजा हाताला सवयीची होते. वर्षभरानंतर माणूस लॉगिन करतो तो कुणीतरी आत वाट बघत असतं म्हणून.

ही गरज कशी ओळखायची? लेव्हल 22 पर्यंत तुला एकदाही अनोळखी माणसाची मदत लागली का ते आठव. लागली असेल तर ती मागावी लागली, की बटण दाबल्यावर यंत्राने चार माणसं आणून दिली, दहा मिनिटांत डंजन (गटाने मिळून जिंकायचं भुयार) संपला आणि कुणी कुणाशी एक शब्द न बोलता निघून गेलं? वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये असं बटण डिसेंबर 2009 मध्ये आलं. सोय मोठी झाली. हीलर शोधत शहराच्या चौकात ओरडत उभं राहण्याचा त्रास गेला. पण त्याच त्रासातून ओळखी होत होत्या. चांगला टँक भेटला की त्याला मित्रयादीत टाकायचं, उद्या परत बोलवायचं, असं करत गिल्ड उभी राहायची. वाईट वागणाऱ्याचं नाव सर्व्हरभर व्हायचं, म्हणून लोक जपून वागायचे. 2019 मध्ये कंपनीने जुना खेळ जसाच्या तसा, त्या बटणाशिवाय परत आणला तेव्हा लाखो लोक परत गेले. आठवणींची ओढ त्यात होतीच, तरी मला वाटतं चौकात ओरडण्याची ओढ जास्त होती.

बटण असलेला खेळ वाईट असं मी म्हणत नाही. तुम्ही चौघं आधीच मित्र आहात, तुम्हाला कदाचित ते बटण हवंच. पण मग बघा, चौघांनी मिळून करावं असं खेळात काय आहे. काही खेळांत गोष्टीचा भाग एकट्यानेच करावा लागतो. चौघं व्हॉइस चॅटवर एकत्र, आणि खेळात प्रत्येक जण आपापल्या रिकाम्या जगात. तीन दिवसांत हे तुमच्या लक्षात आलं असेल. लेव्हल चढवताना एक जण पुढे गेला तर मागच्याला मदत करता येते का, की त्याचं बक्षीस कापलं जातं? डंजन किती जणांचा? पाच जणांचा असेल तर तुम्हाला कायम एक अनोळखी माणूस लागणार, आणि तो चांगला सापडला तर तुमची गिल्ड तिथेच सुरू होईल.

गर्दीचाही खरेपणा तपास. लॉस्ट आर्क फेब्रुवारी 2022 मध्ये जगभर आला तेव्हा स्टीमवर एका वेळी तेरा लाखांवर खेळाडू दिसले. मार्चच्या सुरुवातीला दहा लाखांहून जास्त बॉट खाती बंद केल्याचं जाहीर झालं. म्हणजे दिसणाऱ्या गर्दीत यंत्रं किती आणि माणसं किती हे बाहेरून कळत नाही. आतून कळतं. एकाच कपड्यातले, अर्थ नसलेल्या अक्षरांची नावं असलेले पाच-सहा जण ठरलेल्या वाटेवर एकामागे एक पळताना दिसले, चॅटमध्ये दर मिनिटाला सोनं विकण्याची जाहिरात दिसली, तर समज. कंपनी त्यांना किती लवकर काढते यावर नजर ठेव. पंधरा दिवसांनी तीच नावं त्याच वाटेवर पळत असली तर त्या खेळातला बाजार बिघडणारच.

बाजारावर मला जास्त बोलायला आवडतं, आणि आपल्या भागातल्या मुलांना त्याची समजही चांगली असते. ज्यांच्या घरी मोंढ्यातल्या भावावर संध्याकाळची चर्चा होते ती पोरं खेळातला लिलाव दोन दिवसांत वाचायला शिकतात. अशा खेळात सोनं येण्याच्या वाटा असतात: राक्षस मारले, क्वेस्ट, म्हणजे सोपवलेली कामगिरी, केली. आणि जाण्याच्या वाटा असतात: चिलखताची दुरुस्ती, बाजाराचा कर, प्रवासाचा खर्च. येणं जास्त आणि जाणं कमी झालं की भाव फुगतात. आज शंभरला मिळणारी औषधाची बाटली दोन महिन्यांनी पाच हजारांना जाते आणि उशिरा आलेल्या नव्या माणसाला काहीच परवडत नाही. तू रोज एकाच वेळी तीन वस्तूंचा भाव वहीत लिही: एक कच्चा माल, एक औषध, एक मधल्या दर्जाचं शस्त्र. दोन आठवड्यांत त्या खेळाची तब्येत दिसते.

या बाबतीत अल्बियन ऑनलाइन जरूर बघ, निदान तुलनेसाठी. बर्लिनच्या एका छोट्या कंपनीने 2017 मध्ये आणला, 2019 पासून फुकट, 2021 पासून मोबाइलवर, आणि मार्च 2023 पासून त्याचा आशियाचा वेगळा सर्व्हर आहे. पहिला तास अगदी साधा. चित्रं साधी, गोष्ट जवळजवळ नाहीच, लाकूड तोड आणि दगड फोड. कॅफेत नवी मुलं दहा मिनिटांत उठायची. पण तिथे जवळजवळ प्रत्येक तलवार कुठल्या तरी खेळाडूने बनवलेली असते. प्रत्येक शहराचा बाजार वेगळा, भाव वेगळे, आणि माल स्वतः वाहून न्यावा लागतो. मधल्या केअरलिऑन शहराकडे माल घेऊन जाताना लाल प्रदेश लागतो, तिथे कुणी मारलं तर अंगावरचं आणि बैलाच्या पाठीवरचं सगळं जातं. त्या भीतीमुळे राखणदार लागतात, वाट बघून येणारा पुढचा माणूस लागतो, विश्वास लागतो. चार मित्रांना यासारखं काम नाही. तिथे वर्ग, म्हणजे पात्राचं ठरलेलं काम, निवडायचा नसतो, जे अंगावर घालशील तोच तू. म्हणून आज हीलर झालेला उद्या धनुर्धारी होऊ शकतो, कुणी एकटा अडकून पडत नाही. मला तो खेळ मनापासून आवडतो. पण हरल्यावर रात्रभर झोप न येणाऱ्याने लाल-काळ्या प्रदेशात जाऊ नये. त्यापेक्षा सुरक्षित अशा निळ्या-पिवळ्यात राहूनही बरंच करता येतं.

आता पॅक. दुकान उघड आणि एकच प्रश्न विचार: पैसे देणारा माणूस न देणाऱ्याला लढाईत हरवू शकतो का? कपडे, घोड्याचा रंग, नाचण्याची पद्धत विकत असतील तर विकू दे, आवडलं तर पुढे घे. थोडा वेळ वाचवणाऱ्या वस्तू असतील तर त्या किती वेळ वाचवतात ते बघ. शस्त्राची ताकद वाढवणारे दगड, ते तुटू नयेत म्हणून विकत घ्यायचं संरक्षण, आणि नशिबाने काय निघेल ते न सांगणाऱ्या पेट्या असतील तर तिथे मी एक रुपयाही घालणार नाही. शेवटच्या लढाईत ज्याची युपीआय मर्यादा मोठी तो जिंकतो आणि तुमची चौघांची मेहनत शोभेची राहते. पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या बेल्जियमने 2018 मध्ये जुगाराच्या कायद्यात बसवल्या. लॉस्ट आर्क त्या देशात आलाच नाही.

"पंधरा दिवसच मिळणार" ही घाई त्याच मोसमासाठी बनवलेली आहे, जेव्हा तुला खेळ सगळ्यात सुंदर दिसतो. पॅकमध्ये काय आहे ते वाच. त्यातलं काय तुला वरच्या लेव्हलला वापरता येईल? सुरुवातीचं चिलखत दहा लेव्हलनंतर कचरा होतं. फक्त कायम राहणारी गोष्ट, म्हणजे सामानाच्या जादा जागा किंवा कायमचा घोडा, हिशेबात धर. तेवढ्यासाठी ती रक्कम पटत असेल तर चौदाव्या दिवशी घे. तोवर आपल्याला पुरेसं कळलेलं असेल.

वडिलांचा प्रश्न योग्य आहे आणि त्यांना पूर्ण उत्तर मिळायला हवं. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेवर चालणारे खेळ त्याने बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. रमीची ॲप त्यात आली. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ त्याच कायद्याने वेगळे ठेवले. तुझ्या खेळात पैसे लावून पैसे काढण्याची सोय नसेल तर तो करमणुकीचा खेळ आहे, हे त्यांना सांग. पण इथेच थांबू नको. त्यांना दुकान उघडून दाखव. कुठे पैसे जाऊ शकतात, तुझ्या फोनवर आपोआप पैसे कापण्याची परवानगी दिलेली आहे का, हे समोर बसून दाखव आणि ती परवानगी काढून टाक. आणि खेळातलं सोनं खऱ्या पैशाला विकण्याच्या भानगडीत कुणी ओढलं तर जाऊ नको. जवळजवळ सगळ्या खेळांच्या नियमांत त्याला बंदी असते, खातं जातं, आणि समोरचा पैसे देईल याची हमी कुणीच घेत नाही.

त्यांची खरी काळजी वेळेची असणार. तिथे खेळाची निवड उपयोगी पडते. काही खेळांत चार महिने परीक्षेसाठी थांबलं की परत आल्यावर सगळं चिलखत निकामी झालेलं असतं, कारण दर मोसमात नवा वरचा दर्जा येतो. गिल्ड वॉर्स 2 मध्ये कमाल लेव्हल 2012 पासून 80 च आहे आणि वरच्या दर्जाचं चिलखत कालबाह्य होत नाही. परीक्षा देऊन या, जिथे सोडलं तिथून पुढे. आपल्याला मिळणारे त्याचे सर्व्हर मात्र अमेरिका आणि युरोपातच आहेत, पिंगचा हिशेब तिथे करावा लागेल. तुझ्या नव्या खेळात रोजच्या कामांची यादी किती लांब आहे ते बघ. रोज अर्धा तास असेल तर ठीक. रोज दोन तासांची कामं चुकवली तर मागे पडतोस असं असेल, तर सहाव्या सेमिस्टरला तू एकतर खेळ सोडशील किंवा विषय.

एक गोष्ट राहिली. तू ग्राफिक्सचं कौतुक केलंस. ते नंतर बदलेल म्हणून आज त्याचा आनंद घेऊ नको असं मी म्हणणार नाही. नवं जग पहिल्यांदा बघण्याची मजा एकदाच येते. लेव्हलची घाई सोडून एखाद्या संध्याकाळी चौघं मिळून नुसतं फिरा. नकाशाच्या कडेपर्यंत जा, बंद वाटणाऱ्या दारांना हात लावा, पाण्याखाली बघा. ज्यांनी ते जग बनवलं त्यांनी वाटेबाहेरही काही ठेवलं आहे का, हे तेव्हाच कळतं. वाटेबाहेर काहीच नसेल, डोंगरामागे नुसता दुसरा डोंगर असेल, तर त्यांनी घाईत बांधलंय. एखाद्या रिकाम्या झोपडीत जळत असलेली चूल आणि भिंतीवर लिहिलेली चार ओळींची कुणाची तरी चिठ्ठी सापडली तर बनवणाऱ्यांत जीव असलेली माणसं आहेत, आणि अशा लोकांच्या खेळाला मी जास्त वेळ देतो, बाजार थोडा बिघडलेला असला तरी.

तर पुढचे दोन आठवडे असे घालवा. या शनिवारी पिंगची चाचणी आणि चौघांचे आकडे. त्यानंतर रोज तीन भाव वहीत. एकदा तरी अनोळखी लोकांसोबत डंजन, व्हॉइस चॅट बंद ठेवून, टाइप करून बोलत. आणि त्यातल्या एकाला तरी परत बोलावून बघा येतो का. भारतीय वेळ विचारून दोन गिल्डना निरोप पाठवा. वरच्या लेव्हलला पोचलेल्या एखाद्याला गाठून विचारा की तू आता रोज काय करतोस. त्याने उत्साहाने पाच मिनिटं सांगितलं तर खेळात पुढे काहीतरी आहे. "पुढच्या पॅचची वाट बघतोय" म्हणाला तर सांभाळून. चौदाव्या दिवशी वही, पिंगचे आकडे आणि गिल्डची उत्तरं घेऊन मला परत लिही, तेव्हा पॅकमधली एकेक वस्तू बघून सांगतो कोणती घेण्यासारखी आहे. जिंतूरच्या मित्राचा हॉटस्पॉटवरचा आकडा मात्र विसरू नको, तो आधी पाठव.